पदवी स्तरावरील सामान्य शिक्षण : पर्यावरण अभ्यासक्रमाच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना

विद्यार्थ्याला एखाद्या विषयाचे सखोल ज्ञान मिळावे, ही विद्यापीठीय शिक्षणाविषयीची अपेक्षा सर्वमान्य आहे. त्या विषयाबाहेरचे काय आणि किती शिकवावे, याविषयी मात्र एकमत आढळत नाही. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४९ साली सादर केलेल्या अहवालात सामान्य शिक्षणाचा आग्रहाने पुरस्कार केला होता. त्याआधी चार वर्षे, १९४५ मध्ये, अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीने याच विषयावर अहवाल प्रसिद्ध केला होता. महायुद्धानंतरच्या त्या काळात, केवळ तज्ज्ञ घडविल्याने नागरिक घडतोच असे नाही, ही जाणीव दोन्हीकडे तीव्र होती. आपल्याकडे आयोगाची शिफारस बराच काळ मुख्यतः अहवालातच राहिली. प्रस्तुत लेखात या कल्पनेची तात्त्विक चर्चा न करता, ती ज्या एका अभ्यासक्रमाच्या रूपाने देशभरातील वर्गांत प्रत्यक्ष पोहोचली, त्याचा विचार केला आहे.

पर्यावरण अभ्यासक्रमाची रचना

एम. सी. मेहता विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण हा विषय शिक्षणात अनिवार्य करण्याविषयी निर्देश दिले. त्यानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा सामायिक अभ्यासक्रम तयार करून घेतला. त्यात आठ घटक व पन्नास तासिका होत्या. आठवा घटक क्षेत्रकार्याचा असून त्यासाठी पाच तासिका राखून ठेवल्या होत्या. नदी, वन, गवताळ प्रदेश वा डोंगर अशा स्थानिक नैसर्गिक संपदेची नोंद करणे, एखाद्या प्रदूषित स्थळास भेट देणे, परिसरातील सामान्य वनस्पती, कीटक व पक्षी यांचे निरीक्षण करणे आणि तळ्यासारख्या साध्या परिसंस्थेचा अभ्यास करणे, अशी कामे त्यात सुचविली होती.

येथे एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. एकूण १०० गुणांपैकी ७५ गुण लेखी परीक्षेला आणि २५ गुण क्षेत्रकार्याला होते. म्हणजे वेळापत्रकात ज्याचा वाटा एक दशांश, त्याचे मूल्यमापनातील वजन एक चतुर्थांश होते. अभ्यासक्रमकर्त्यांना खरे शिक्षण कोठे अपेक्षित होते, हे या प्रमाणावरून पुरेसे स्पष्ट होते.

प्रत्यक्षात काय घडते, हे महाविद्यालयीन अध्यापकांना सांगावयास नको. ज्या अध्यापकाचा कार्यभार कमी पडतो त्याच्याकडे हा पेपर सोपविला जातो, अनेक वर्ग एकत्र बसविले जातात आणि सत्राच्या अखेरीस प्रकल्पांच्या जवळजवळ सारख्याच वह्या जमा होतात. ओढा गावातून वाहत असतो आणि वहीतील चित्र पुस्तकातून आलेले असते. या विषयाचे गुण श्रेणीसाठी धरले जात नाहीत असे एकदा विद्यार्थ्याला कळले, की उरलेले गांभीर्यही संपते.

विषयाच्या सीमेवरील शिक्षण

सामान्य शिक्षण म्हणजे दुसऱ्या शाखेची पातळ आवृत्ती, हा समज यातूनच बळावतो. वस्तुतः वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला अन्नसाखळीची व्याख्या पाठ असल्याने फारसा लाभ होत नाही. ती व्याख्या त्याने शाळेतच वाचलेली असते. मात्र सांडपाणी सोडणाऱ्या एखाद्या उद्योगाच्या खालच्या बाजूस उभे राहून त्याने ओढ्याचे निरीक्षण केले, तर त्याच्या स्वतःच्याच विषयातील प्रश्न निर्माण होतो. पाण्याच्या या नुकसानीची नोंद उद्योगाच्या हिशेबात कोठे होते? ती होत नसेल, तर नफ्याच्या आकड्याचा अर्थ काय? त्याच ठिकाणी रसायनशास्त्राचा विद्यार्थी पाण्याचा सामू मोजू शकेल. पण ते पाणी कोण वापरते, हे त्याला वस्तीतील माणसांना विचारावे लागेल. मराठीचा विद्यार्थी त्यांची उत्तरे त्यांच्याच शब्दांत टिपू शकेल. प्रत्येकाला आपल्या विषयाची मर्यादा आणि उपयुक्तता एकाच वेळी जाणवते. हे काम एका विषयाच्या वर्गात होणे कठीण आहे, कारण तेथे सर्वांचे प्रश्न एकाच प्रकारचे असतात.

नव्या आराखड्यातील स्थान

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीच्या १२० श्रेयांकांपैकी ९ श्रेयांक बहुविद्याशाखीय अभ्यासक्रमांना आणि ६ ते ८ श्रेयांक मूल्यवर्धित अभ्यासक्रमांना देण्यात आले आहेत. पर्यावरण शिक्षणाचा समावेश दुसऱ्या गटात आहे. महाराष्ट्रातील रचना तपशिलात काहीशी वेगळी असली, तरी दिशा तीच आहे. श्रेयांक मिळाल्याने विषयाला प्रतिष्ठा मिळेल, ही अपेक्षा रास्त आहे. तथापि केवळ कार्यभार टिकविण्यासाठी असे अभ्यासक्रम आखले गेले, तर वहीच्या जागी फक्त संगणकीय प्रत येईल.

यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. क्षेत्रकार्याच्या तासिका वेळापत्रकात सलग अर्ध्या दिवसाच्या स्वरूपात दाखविणे, त्या अध्यापकाच्या कार्यभारात धरणे आणि तीन भिन्न शाखांच्या विद्यार्थ्यांचा एक गट करून त्यांच्याकडून एकच अहवाल घेणे, एवढे कोणत्याही महाविद्यालयाला शक्य आहे. अहवालाचे स्थळ महाविद्यालयापासून पायी जाण्याच्या अंतरावर असावे. ओढा, कचरा डेपो किंवा आठवडे बाजार यांपैकी एखादे ठिकाण बहुतेक महाविद्यालयांच्या जवळ असतेच.