साल्मोनेला प्रतिपिंडे

साल्मोनेला प्रजातीतील जंतू ओळखण्यासाठी व त्यांचे प्रकार ठरविण्यासाठी प्रयोगशाळेत वापरण्यात येणारी विशिष्ट प्रथिने. ती जंतूच्या पृष्ठभागावरील ठराविक प्रतिजनाशीच संयोग पावतात. काचपट्टीवर जंतू व योग्य प्रतिपिंडे असलेला रक्तरस एकत्र केल्यास जंतूंच्या गुठळ्या बनतात. या क्रियेस समूहन म्हणतात.

प्रतिजन : कोशिकाभित्तीवरील ‘ओ’ व कशाभिकांवरील ‘एच’ हे मुख्य प्रतिजन होत. एच प्रतिजन बहुधा दोन प्रावस्थांत आढळतो. आंत्रज्वराच्या (टायफॉइडाच्या) जंतूवर ‘व्ही आय’ हे आवरणही असते. त्यामुळे ओ प्रतिजन झाकला जाऊन समूहन होत नाही. अशा वेळी जंतू उकळून परीक्षा पुन्हा करतात. पी. ब्रूस व्हाइट व फ्रिट्स काउफमान यांनी या प्रतिजनांवर आधारलेले वर्गीकरण रूढ केले. त्यात आज 2,500 हून अधिक प्रकार नोंदलेले आहेत.

प्रथम आढळाच्या स्थळावरून प्रकारास नाव देण्याच्या प्रथेमुळे पुण्याचे जुने नाव या यादीत ‘साल्मोनेला पूना’ असे टिकून राहिले आहे. त्याचे सूत्र 13, 22 : झेड : 1, 6 असे आहे. ‘वर्दिंग्टन’ या प्रकारातही 13 व झेड हे प्रतिजन असतात. परंतु त्यात 22 ऐवजी 23 व दुसऱ्या प्रावस्थेत एल, डब्ल्यू आढळतात. म्हणून एकाच रक्तरसावरून निर्णय देता येत नाही. अमेरिकेत 2015 मध्ये काकड्यांतून पसरलेल्या साथीत पूना प्रकाराची बाधा 900 हून अधिक लोकांना झाली. विखुरलेले रुग्ण एकाच साथीतील आहेत हे समजण्यास प्रकारनिश्चिती हाच पहिला दुवा ठरतो.

निर्मिती : मारलेले जंतू सशास टोचून काही आठवड्यांनी त्याचा रक्तरस घेतात. त्यात अनेक प्रतिजनांविरुद्धची प्रतिपिंडे असतात. संबंधित अन्य जंतूंबरोबर तो मिसळून अनावश्यक प्रतिपिंडे शोषून काढली की एकाच घटकास प्रतिसाद देणारा रक्तरस उरतो. भारतात कसौली येथील केंद्रीय संशोधन संस्थेत साल्मोनेलाच्या प्रकारनिश्चितीचे राष्ट्रीय केंद्र आहे. केलर व मिलस्टाइन यांच्या 1975 मधील शोधानंतर संकर कोशिकांपासून एककृंतक प्रतिपिंडे मिळू लागली.

उपयोग व मर्यादा : अन्नाच्या 25 ग्रॅ. नमुन्यात साल्मोनेला मुळीच नसावा, असा निकष अनेक पदार्थांना लावतात. एंझाइमयुक्त प्रतिपिंड परीक्षेस मात्र दर मिलिलिटरमध्ये सु. दहा हजार ते एक लाख जंतू लागतात. म्हणून मासळी, अंडी यांसारख्या पदार्थांचे नमुने आधी पोषक माध्यमात वाढवावे लागतात. काही जंतू मिठाच्या पाण्यातही आपोआप गोळा होतात. त्यामुळे रक्तरसाविना तुलना-परीक्षा आवश्यक असते. सिट्रोबॅक्टर जंतूंच्या काही वाणांतही व्ही आय प्रतिजन असल्याने जीवरासायनिक परीक्षांची जोड द्यावी लागते.

फेर्नां व्हिदाल यांनी 1896 मध्ये मांडलेल्या परीक्षेत हीच क्रिया उलट दिशेने होते : ज्ञात जंतू घेऊन रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडे शोधतात. मुंबईसारख्या, आंत्रज्वर नेहमी आढळणाऱ्या शहरात पूर्वीच्या संसर्गामुळे वा लसीमुळेही ती आढळू शकतात. यास्तव केवळ व्हिदाल परीक्षेवर निदान करणे धोक्याचे असून प्रतिजैविके सुरू करण्यापूर्वी रक्तातील जंतूंचे संवर्धन करून पाहणे अधिक विश्वसनीय ठरते.