फिरत्या गाड्यावरील गॅस आणि बॅटरी : जागा, हवा आणि दक्षता

गोव्यात दिवाळी सरली की जत्रांचे दिवस सुरू होतात. म्हापशाच्या श्री बोडगेश्वराच्या जत्रेपासून शिरगावच्या श्री लईराई देवीच्या जत्रेपर्यंत गावोगावच्या देवळांसमोर खाज्यांची, भज्यांची आणि चहाची दुकाने रात्रभर उघडी असतात. एरवीही शहरांच्या नाक्यांवर संध्याकाळ झाली की रस-आमलेटचे, भाजी-पावाचे गाडे उभे राहतात. या व्यवसायाला भांडवल थोडे लागते आणि एका गाड्यावर एका कुटुंबाचा संसार चालतो. पूर्वी या गाड्यांवर लाकडाची किंवा रॉकेलची चूल आणि पेट्रोमॅक्सची बत्ती असे. आता त्यांची जागा गॅसच्या शेगडीने आणि बॅटरीवर चालणाऱ्या दिव्यांनी घेतली आहे. ही सोय स्वागतार्ह आहे. मात्र गॅसचा सिलिंडर आणि बॅटरी या दोन वस्तू चार-पाच फुटांच्या जागेत एकत्र आल्या म्हणजे कोणती दक्षता घ्यावी लागते, याची माहिती सर्वांना असतेच असे नाही.

बहुतेक गाड्यांची रचना एकसारखी असते. वर शेगडी व फळी, खाली पत्र्याचे कपाट आणि त्या कपाटात एका बाजूस सिलिंडर तर दुसऱ्या बाजूस बॅटरी. चोरीची भीती आणि पावसापासून रक्षण या दोन कारणांनी कपाटाचे दार घट्ट लावले जाते. व्यवहारात सोयीची वाटणारी ही मांडणी सुरक्षिततेच्या दृष्टीने मात्र सर्वांत वाईट होय. त्याचे कारण या दोन वस्तूंच्या गुणधर्मांत आहे.

खाली साचणारा वायू

स्वयंपाकाचा गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंचे मिश्रण. दाबाखाली त्याचे द्रवात रूपांतर करून तो सिलिंडरमध्ये भरतात. प्रोपेनचा उत्कलनबिंदू शून्याखाली ४२ अंश सेल्सिअस, तर ब्युटेनचा शून्याच्या अगदी जवळ आहे. थंड देशांत ब्युटेनची वाफ नीट होत नाही. म्हणून युरोप-अमेरिकेतील प्रवासी लोक मोटारीमागे जोडून नेतात त्या लहान घरगाड्यांवर हिवाळ्यात प्रोपेनच वापरला जातो. आपल्या उष्ण हवेत मिश्रण सहज चालते.

या वायूच्या दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की, द्रवाची वाफ झाली म्हणजे तिचे आकारमान सुमारे २५० पट होते. दुसरी अशी की, ही वाफ हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असते. ती वर उडून जात नाही. पाण्याप्रमाणे खाली उतरते, कपाटाच्या तळाशी, गटारात किंवा खड्ड्यात साचून राहते. हवेत तिचे प्रमाण सुमारे २ टक्क्यांपासून ९-१० टक्क्यांपर्यंत असेल तर एका ठिणगीने ती पेट घेते.

गाड्याखालचे कपाट एक मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद व तितकेच उंच आहे असे समजू. त्याचे आकारमान ३६० लिटर. त्याच्या २ टक्के म्हणजे ७ लिटरांहून थोडी अधिक वाफ. एवढी वाफ होण्यास पंधरा-सोळा ग्रॅम गॅस पुरतो. १९ किलोच्या सिलिंडरातून इतका गॅस रात्रीत सैल नळीवाटे निघून गेला तर वजनात काहीच फरक जाणवणार नाही. सकाळी दार उघडून दिव्याचे बटण दाबणाऱ्याच्या जिवावर मात्र ते बेतू शकते.

गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात एथिल मरकॅप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. परंतु तळणाच्या आणि मसाल्याच्या वासात हा इशारा हरवू शकतो. म्हणून केवळ नाकावर विसंबून चालत नाही.

वर जमणारा वायू

गाड्यावर सामान्यतः शिसे आणि गंधकाम्ल यांची १२ व्होल्टची बॅटरी असते. १८५९ साली गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शोधलेल्या बॅटरीचेच हे आजचे रूप आहे. तिच्यात सहा घरे असतात आणि प्रत्येक घर सुमारे दोन व्होल्ट दाब देते. बॅटरी पूर्ण भरल्यावरही चार्जर चालूच राहिला तर आतील पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन हे वायू बाहेर पडू लागतात. बॅटरीतून बुडबुड्यांचा आवाज येतो तो याचाच.

हायड्रोजन हा सर्वांत हलका वायू. हवेपेक्षा तो सुमारे चौदा पट हलका असल्याने सरळ वर चढतो आणि छताखाली जमतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत असले तरी तो पेट घेऊ शकतो. पूर्ण भरलेल्या बॅटरीत ५ अँपिअरचा प्रवाह तासभर चालू राहिला तर सहा घरांतून मिळून सुमारे १४ लिटर हायड्रोजन तयार होतो. वर सांगितलेल्या ३६० लिटरांच्या कपाटात ४ टक्के म्हणजे तेवढाच. अर्थात बंद कपाटात रात्रभर चार्जर लावून ठेवणे म्हणजे धोक्याची मर्यादा स्वतःच्या हाताने ओलांडणे होय. या वायूने पेट घेतल्यास बॅटरीचे कवच फुटते आणि आतील आम्ल आजूबाजूच्या माणसांच्या अंगावर, डोळ्यांत उडते.

बॅटरीकडून आणखी एक धोका संभवतो. १२ व्होल्टचा झटका माणसाला जाणवत नाही म्हणून बॅटरी निरुपद्रवी समजली जाते. परंतु तिच्या दोन टोकांवर झारा किंवा पाना आडवा पडला तर त्यातून शेकडो अँपिअर प्रवाह वाहतो, धातू लाल होतो आणि ठिणग्या उडतात. शेजारी गळका सिलिंडर असेल तर एवढे कारण पुरते. बॅटरीला इन्व्हर्टर जोडला असल्यास त्याच्या पुढच्या तारांत २३० व्होल्टचा दाब असतो. तो घरातील विजेइतकाच घातक आहे, हेही विसरू नये.

मांडणी कशी असावी

एक वायू खाली जातो, दुसरा वर जातो. एक जण गळतो, दुसरा ठिणगी देऊ शकतो. यातच योग्य मांडणीचे सूत्र सापडते. दोन्ही वस्तू एका कप्प्यात कधीही ठेवू नयेत. मध्ये पूर्ण बंद पत्र्याची भिंत असावी व तीतून तारेसाठीही भोक नसावे. शक्य तर सिलिंडर गाड्याच्या एका टोकाला आणि बॅटरी दुसऱ्या टोकाला असावी.

सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी झरोके हवेत. तळ जाळीचा असला तर उत्तमच. त्यावर पोते, पुठ्ठा किंवा फडके अंथरू नये. गाडा उघड्या गटाराच्या तोंडावर उभा करू नये. बॅटरीच्या कप्प्याला झरोके वरच्या बाजूस हवेत आणि खालूनही थोडी हवा आत येण्यास वाट हवी. बॅटरीच्या दोन्ही टोकांवर रबरी टोप्या असाव्यात आणि धन टोकाजवळच योग्य क्षमतेचा फ्यूज बसवावा. बटणे, फ्यूज व इन्व्हर्टर सिलिंडरच्या कप्प्यात नसावेत.

हल्ली काही गाड्यांवर लिथियमच्या बॅटऱ्या दिसतात. नेहमीच्या वापरात त्यांतून हायड्रोजन निघत नाही. तरी त्यांना त्यांचाच चार्जर लागतो. ठेचलेली, फुगलेली किंवा फार तापणारी लिथियम बॅटरी पेटली तर विझवणे कठीण जाते, म्हणून ती तात्काळ वापरातून काढावी.

सिलिंडरची निवड आणि निगा

घरगुती वापराचा १४.२ किलोचा सिलिंडर धंद्यासाठी वापरण्यास कायद्याने मनाई आहे. व्यवसायासाठी १९ किलोचा सिलिंडर मिळतो. लहान गाड्यांना ५ किलोचा सिलिंडरही सोयीचा पडतो. मोठ्या सिलिंडरातून लहान टाकीत घरच्या घरी गॅस भरून घेण्याची पद्धत काही ठिकाणी आढळते. ती बेकायदा तर आहेच, शिवाय प्राणघातकही आहे. उष्णतेने द्रव प्रसरण पावतो, त्यासाठी कारखान्यात भरताना सिलिंडरमध्ये जागा मोकळी ठेवलेली असते. अंदाजाने भरणाऱ्याला ते प्रमाण राखता येत नाही.

सिलिंडर नेहमी उभा ठेवावा. आडवा ठेवल्यास वाफेऐवजी द्रव गॅस रेग्युलेटरकडे जातो आणि ज्योत एकदम भडकते. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर पुढील चाचणीची मुदत कोरलेली असते. ए, बी, सी, डी ही अक्षरे वर्षाच्या चार तिमाही दर्शवितात व पुढे वर्षाचे शेवटचे दोन आकडे असतात. ‘बी २८’ म्हणजे एप्रिल ते जून २०२८. मुदत उलटलेला सिलिंडर स्वीकारू नये. किनाऱ्यावरील खारट हवेत व पावसाळ्यात सिलिंडरची खालची कड लवकर गंजते, ती दर आठवड्यास पाहावी.

नळी प्रमाणित, तारेचे अस्तर असलेली, दीड मीटरपेक्षा लांब नसलेली व जोड नसलेली असावी. पाच वर्षांनी ती बदलावी. चरा पडल्यास त्याआधीच. भट्टीला अधिक दाबाचा रेग्युलेटर लावला असेल तर नळीही त्या दाबाला योग्य अशीच घ्यावी. गळती पाहण्यासाठी साबणाचे पाणी लावावे, बुडबुडे आले तर गळती आहे. काडी ओढून गळती तपासणे म्हणजे मृत्यूला निमंत्रण.

सिलिंडर बदलताना शेगडी तर विझवावीच, पण धंद्याच्या आरंभी देवाच्या तसबिरीपुढे लावलेली उदबत्ती आणि निरांजनही विसरू नये. झडपेच्या तोंडातील रबरी कडे जागेवर आहे की नाही, हे पाहूनच रेग्युलेटर बसवावा. गाडा हलविताना व रात्री घरी नेताना रेग्युलेटर बंद करून सिलिंडर पट्ट्याने बांधावा. जादा सिलिंडर टोपी लावून ठेवावा आणि शक्यतो गाड्यावर बाळगू नये.

बॅटरी भरताना गाडा उघड्यावर आणि कपाटाचे दार उघडे असावे. आधी बॅटरीला चिमटे जोडावेत, मग चार्जर चालू करावा. काढताना आधी चार्जर बंद करावा, मग चिमटे काढावेत. म्हणजे बॅटरीजवळ ठिणगी पडत नाही. बॅटरी सोडविताना ऋण टोक प्रथम सोडवावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे. घरांतील पाणी कमी झाल्यास फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. आम्ल अंगावर किंवा डोळ्यांत उडाल्यास किमान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुऊन दवाखाना गाठावा.

प्रसंग ओढवल्यास

गॅसचा वास आला तर विजेचे कोणतेही बटण चालू करू नये आणि बंदही करू नये, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. ज्योती विझवाव्यात, रेग्युलेटर बंद करून टोपी लावावी व गर्दीला वाऱ्याच्या उलट दिशेने दूर न्यावे. गॅस गळतीच्या तक्रारीसाठी १९०६ आणि अग्निशामक दलासाठी १०१ हे क्रमांक गाड्यावर ठळक लिहून ठेवावेत. फोन मात्र गाड्यापासून दूर जाऊन करावा. गळणारा गॅस पेटला असेल आणि झडप बंद करता येत नसेल तर ज्योत विझविण्याचा प्रयत्न करू नये. न जळलेला गॅस पसरून पुन्हा पेटणे अधिक भयंकर असते. अशा वेळी माणसे हलवावीत. कोरड्या भुकटीचे अग्निशामक नळकांडे गाड्यावर जरूर असावे. पण ते सिलिंडरच्या कप्प्यात नव्हे, हात पोहोचेल अशा बाजूस.

शाळा आणि पंचायत

शिक्षकांना या विषयाचा मुख्य धडा वर्गात बिनधोक दाखविता येईल. एका भांड्यात खाण्याच्या सोड्यावर व्हिनेगर ओतले की कार्बन डायऑक्साइड तयार होतो. भांडे अलगद कलते करून हा न दिसणारा वायू पेटत्या मेणबत्तीवर ओतला तर ज्योत विझते. त्याचा रेणुभार ४४ आहे आणि प्रोपेनचाही ४४च. एक वायू ज्योत विझवितो, दुसरा तिच्यावर भडकतो. परंतु खाली उतरण्याची दोघांची रीत एकच. गाडेवाल्यांची मुले याच शाळांतून शिकतात, आणि घरी जाऊन ती कपाटाचा तळ तपासतील.

जत्रेपूर्वी जागा आखून देताना ग्रामपंचायती व देवस्थान समित्यांनी दोन गाड्यांमध्ये माणूस सहज जाईल एवढे अंतर ठेवावे आणि अग्निशामक दलाच्या गाडीसाठी वाट मोकळी राखावी. त्याच वेळी प्रत्येक गाड्याचे कपाट उघडून पाहिले तर फार वेळ लागणार नाही. पत्र्याची एक आडभिंत, तळाशी जाळी आणि वर झरोका यांस होणारा खर्च थोडाच आहे. गाड्यासमोर उभ्या असलेल्या गर्दीत लहान मुले असतात आणि गाड्यामागे उभ्या असलेल्या माणसाच्या घरी त्याची वाट पाहणारी माणसे असतात. त्या सर्वांच्या मानाने हा खर्च काहीच नाही.