जुना ट्रक, नवा स्क्रीन आणि मधली वायर

दिवाळीच्या तोंडावर सोयाबीन घरात येऊ लागले की वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातले रस्ते गजबजतात. उत्तरेला कारंजा, पश्चिमेला मंगरूळपीर, पूर्वेला दारव्हा, आग्नेयेला दिग्रस. माल कुठेही जायचा असो, तो ट्रक, टेम्पो किंवा पिकअपमधूनच निघतो, कारण मानोऱ्यात रेल्वे नाही. कारंजा आणि शेलूबाजारजवळ आता समृद्धी महामार्गावर चढता येते, त्यामुळे नागपूर-मुंबईची भाडीही आवाक्यात आली आहेत. माल वाहण्याचा वारसा या भागात जुना आहे. बंजारा समाजाचे श्रद्धास्थान असलेली पोहरादेवी याच तालुक्यात येते, आणि मोटारी येण्यापूर्वी याच समाजाचे, म्हणजे लमाणांचे, बैलांचे तांडेच धान्य आणि मीठ दख्खनभर पोचवत असत.

आजच्या मालवाहू माणसाला रस्त्यावर दोन गोष्टी हव्या असतात: सोबत आणि खबर. सोबत म्हणजे गाणी, फोन, नकाशा. खबर म्हणजे इंजिन ठीक आहे की नाही याची. म्हणूनच दहा-पंधरा वर्षे चाललेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर आता सात किंवा नऊ इंची अँड्रॉइड टचस्क्रीन बसवली जाते आणि सोबत ब्लूटूथवर चालणारी स्कॅनरची छोटी डबी घेतली जाते. दोन्ही वस्तू काही हजारांत मिळतात. मात्र त्या ज्या जुन्या गाडीत बसणार आहेत, तिची वीज कशी आहे आणि तिच्या इंजिनात स्कॅनरला उत्तर देणारे काही आहे का, हे आधी पाहिले तरच पैसा सत्कारणी लागतो.

बारा की चोवीस?

पहिला प्रश्न व्होल्टचा. टाटा ४०७ किंवा बोलेरो पिकअपमध्ये १२ व्होल्टची व्यवस्था असते. मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडलेल्या असतात आणि गाडी २४ व्होल्टवर चालते. इंजिन चालू असताना अल्टरनेटर यावर आणखी भर घालतो: लहान गाडीत सुमारे १४, मोठ्या ट्रकमध्ये सुमारे २८ व्होल्ट. बाजारात मिळणारे बहुतेक स्टिरिओ कारसाठी, म्हणजे १२ व्होल्टसाठी बनलेले असतात. असा सेट थेट २८ व्होल्टवर जोडला तर तो जळण्याचीच शक्यता जास्त.

यावर एक चुकीची पळवाट सर्रास वापरली जाते. दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढून स्टिरिओला दिले जातात. स्टिरिओ वाजतो आणि मालक समाधानी होतो. पण दोन बैलांच्या गाडीत सगळे ओझे एकाच बैलाच्या मानेवर यावे, तशी ती एक बॅटरी रोज जास्त रिकामी होत राहते. अल्टरनेटर मात्र दोन्ही बॅटऱ्यांना एकच समजून चार्ज करतो. त्यामुळे एक कायम उपाशी राहते, दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होते, आणि दोन्हींचे आयुष्य घटते. योग्य मार्ग म्हणजे २४ चे १२ करणारा चांगला कन्व्हर्टर. स्टिरिओच्या मागे जेवढ्या अँपिअरचा फ्यूज असेल, त्याहून कन्व्हर्टरची क्षमता थोडी जास्त असावी. १० अँपिअरच्या फ्यूजला पाच अँपिअरचा कन्व्हर्टर लावला, तर आवाज वाढवताच सेट बंद पडून पुन्हा सुरू होत राहतो आणि दोष मात्र स्टिरिओच्या माथी मारला जातो.

सेटच्या मागची गर्दी

डॅशबोर्डमधल्या खाचेचे माप ठरलेले असते. जुन्या टेपची खाच साधारण १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच. तिला सिंगल डिन म्हणतात. टचस्क्रीनचा सेट बहुधा डबल डिन, म्हणजे उंची १०० मिलिमीटर. जुन्या गाडीत ही जागा कापून करावी लागते. कापण्यापूर्वी मागे वायपरची मोटर, हवेचे पाइप किंवा वायरिंगचा जुडगा नाही ना, हे हात घालून तपासावे लागते. ब्रेकच्या हवेचा पाइप ब्लेडने चिरला गेला, तर धोका चालत्या गाडीला असतो.

वायरींचे रंग बहुतेक कंपन्या सारखेच ठेवतात. पिवळी वायर कायम जिवंत असते. तिच्यामुळे घड्याळ आणि सेटिंग लक्षात राहते. लाल वायर चावी फिरवल्यावर सुरू होते. काळी अर्थिंगची. पांढरी आणि करडी पुढच्या डाव्या-उजव्या स्पीकरची, हिरवी आणि जांभळी मागच्या स्पीकरची. त्याच रंगावर काळी रेघ असेल तर ती स्पीकरची ऋण बाजू. घाईत काम उरकणारा वायरमन कधी कधी लाल आणि पिवळी एकत्र पिळून कायम जिवंत वायरला जोडतो, म्हणजे चावी नसतानाही गाणी वाजतात. ड्रायव्हरला ते सोयीचे वाटते. पण सेट पाच अँपिअर ओढत असेल, तर रात्रभरातल्या दहा तासांत ५० अँपिअर-तास संपतात. १०० अँपिअर-तासांची बॅटरी अर्धी रिकामी झाली की पहाटे सेल्फ मारताना ती मान टाकू शकते.

सगळ्यात जास्त लक्ष द्यायचे ते जोडावर. नुसता पिळलेला आणि वर टेप गुंडाळलेला जोड वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात फार काळ टिकत नाही. पारा ४५ अंशांच्या घरात गेला की बंद केबिन त्याहून बरीच तापते. टेपचा डिंक वितळतो, टेप सुटते आणि तांबे उघडे पडते. जोड सोल्डर करावा किंवा नीट दाबलेला लग वापरावा, वर हीट श्रिंक नळी चढवावी, आणि बॅटरीपासून येणाऱ्या वायरवर बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ फ्यूज बसवावा. फ्यूज स्टिरिओपाशीच असेल, तर मधली कित्येक फूट वायर कुठेही घासून बॉडीला टेकली की तिला वाचवणारे काहीच उरत नाही. केबिनला लागणाऱ्या आगीचे हे एक साधे आणि टाळता येणारे कारण आहे.

अर्थिंगचेही तसेच. रंगावर किंवा गंजावर कसलेला स्क्रू म्हणजे अर्थिंग नव्हे. इंजिनची गती वाढेल तशी स्पीकरमधून शिट्टी चढत गेली, तर सेट बदलण्याआधी काळी वायर कुठे कसली आहे ते पाहावे.

स्कॅनरला उत्तर कोण देणार?

आता स्कॅनर. हा विषय वर्षांचा आहे, आणि ती वर्षे गाडीच्या आरसीवर सापडतात.

टाटांची जुनी ४९७ आणि ६९७ ही इंजिने मानोऱ्यातल्या कुठल्याही जुन्या मिस्त्रीला तोंडपाठ असतात. ४९७ म्हणजे ९७ मिलिमीटर व्यासाचे चार सिलिंडर, ६९७ म्हणजे त्याच व्यासाचे सहा. त्यांच्या साध्या रूपात डिझेल किती आणि केव्हा सोडायचे, हे पंप आणि त्याचा गव्हर्नर यांत्रिक पद्धतीने ठरवतात. तिथे संगणक नाही आणि सेन्सरचे जाळेही नाही. अशा गाडीला जगातला सर्वात महागडा स्कॅनर लावला तरी समोरून काहीच येणार नाही.

इंजिनाने स्वतःचा दोष नोंदवायचा आणि तो ठरलेल्या सॉकेटमधून कोणालाही वाचता यायचा, ही सक्ती अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या कारना लागू झाली. भारतात ती बीएस-४ या प्रदूषण मानकांसोबत टप्प्याटप्प्याने आली: पहिला टप्पा एप्रिल २०१० मध्ये, दुसरा एप्रिल २०१३ मध्ये. पण २०१० साली बीएस-४ लागू झाले ते मुंबई, पुणे, सोलापूर अशा ठरावीक शहरांत. वाशिम जिल्हा त्यात नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१७ रोजी बीएस-३ गाड्यांच्या विक्रीवर १ एप्रिलपासून बंदी घातली, तोपर्यंत इथे बीएस-३ ट्रक विकले जात होते. म्हणून वाशिमच्या एमएच-३७ पाटीचा २०१४ सालचा ट्रक पाहून त्यात स्कॅनर चालेलच, असे गृहीत धरता येत नाही. काही बीएस-३ गाड्यांत कॉमन रेल इंजिन आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, होते, अनेकांत नव्हते. एप्रिल २०१७ नंतरच्या बीएस-४ गाड्यांत शक्यता चांगली, आणि एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ मध्ये स्कॅनरशिवाय मिस्त्रीचे पानही हलत नाही.

सॉकेट सहसा स्टेअरिंगखाली किंवा फ्यूज बॉक्सजवळ सापडते. त्याला १६ पिन असतात. सोळावी बॅटरीची, चौथी आणि पाचवी अर्थिंगची, तर सहावी आणि चौदावी कॅन नावाच्या संदेशवाहिनीची. ही वाहिनी बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगापुढे आणली. २४ व्होल्टच्या गाड्यांसाठीच्या सॉकेटची मधली खाच मुद्दाम अर्धवट तोडलेली असते, म्हणजे १२ व्होल्टचा प्लग त्यात शिरू नये. प्लग बसत नाही म्हणून तो घासून बसवणे म्हणजे हेच संरक्षण काढून टाकणे. ज्या डबीवर २४ व्होल्ट चालते असे लिहिलेले नाही, ती मोठ्या ट्रकला लावूच नये.

स्वस्त डब्यांवर बहुधा ईएलएम ३२७ असे छापलेले असते. ही चिप मूळची कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीची. कंपनी २०२२ मध्ये बंद झाली. बाजारात विकल्या जातात त्या बहुतेक नकला, आणि ज्या १.५ आवृत्तीचे नाव घेऊन त्या खपतात, ती आवृत्ती मूळ कंपनीने कधी काढलीच नव्हती. १२ व्होल्टच्या नव्या पिकअपमध्ये अशी डबी टचस्क्रीनला ब्लूटूथने जोडली की इंजिनची गती, पाण्याचे तापमान, बॅटरीचे व्होल्ट समोर दिसतात आणि साधे कोड वाचता येतात. मोठ्या ट्रकची गोष्ट वेगळी. त्यात जे १९३९ नावाची पद्धत चालते, आणि कारसाठी बनवलेल्या अॅपला ती बहुधा कळत नाही. तिथे व्यावसायिक वाहनांसाठीचाच स्कॅनर लागतो. तो एका गाडीसाठी घेण्यापेक्षा गॅरेजने किंवा चार मालकांनी मिळून घेतलेला परवडतो.

कोड म्हणजे निदान नव्हे

स्कॅनर हाती आल्यावर सर्वात मोठी चूक होते ती कोडला पार्टचे नाव समजण्याची. पी ००८७ हा कोड सांगतो की डिझेलच्या रेलमधला दाब हवा त्यापेक्षा कमी आहे. कारण चोंदलेला फिल्टर असेल, टाकीपासूनच्या पाइपात हवा शिरत असेल, इंजेक्टर जास्त डिझेल परत पाठवत असतील किंवा हाय प्रेशर पंप झिजला असेल. फिल्टर आणि पंप यांच्या किमतींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, म्हणून तपासणी स्वस्त आणि सोप्या बाजूने सुरू व्हायला हवी.

मोठ्या ट्रकचे कोड दोन आकड्यांत येतात. पहिला, एसपीएन, सांगतो काय; दुसरा, एफएमआय, सांगतो कसे. एसपीएन १०० म्हणजे इंजिन ऑइलचा दाब. त्यापुढे एफएमआय १ असेल तर दाब धोकादायक कमी झाला आहे. गाडी तिथेच थांबवून इंजिन बंद करायचे. एफएमआय ३, ४ किंवा ५ असेल, तर दोष सेन्सरच्या वायरिंगमध्ये असण्याची शक्यता मोठी: व्होल्ट जास्त, व्होल्ट कमी किंवा वायर तुटलेली. अशा वेळी डिपस्टिकने तेल पाहून घेतले आणि काट्यावरचा दाब खात्रीचा असेल, तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. कंपनीचे वर्कशॉप लांब असलेल्या तालुक्यात हा एका आकड्याचा फरक ट्रक ओढून नेण्याचा खर्च वाचवू शकतो किंवा इंजिन वाचवू शकतो. म्हणून कोड पुसण्याआधी तो तारीख आणि किलोमीटरसह वहीत लिहून ठेवावा. पुसल्याने दिवा विझतो, दोष जात नाही.

वापर नसताना डबी सॉकेटमध्ये ठेवू नये. ती चाळीस-पन्नास मिलिअँपिअर ओढत राहते, म्हणजे दिवसाला सुमारे एक अँपिअर-तास. महिनाभर उभ्या असलेल्या गाडीला हे जड जाते. ईसीयू असलेल्या ट्रकच्या बॉडीला वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीच्या वायरी काढणे आणि इंजिन चालू असताना त्या कधीही न काढणे, हे दोन नियमही मालकाने स्वतः पाळून घ्यावेत.

स्क्रीनचा खरा उपयोग

आज कितीतरी ट्रक क्लीनरशिवाय धावतात. मागे उभे राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणणारा कोणी नसतो, आणि खळ्यावर किंवा बाजार समितीच्या आवारात मागे माणसे आणि पोरे वावरत असतात. म्हणून टचस्क्रीनचा सर्वात मोलाचा भाग म्हणजे मागचा कॅमेरा. इथेही व्होल्टचा फास आहे. कॅमेरा रिव्हर्सच्या दिव्यावर जोडण्याची पद्धत आहे, पण मोठ्या ट्रकचा तो दिवा २४ व्होल्टचा असतो. कॅमेऱ्याला वीज कन्व्हर्टरमधूनच द्यावी आणि रिव्हर्सच्या दिव्याने फक्त रिले चालवावा.

चालत्या गाडीत व्हिडिओ दिसू नये म्हणून सेटला हँडब्रेकची एक वायर दिलेली असते. ती कायमची अर्थला जोडून कुलूप उघडण्याची मागणी दुकानात हमखास होते. वायरमनने तिथे नकार द्यावा. १ ऑक्टोबर २०२० पासून नियमांनी हातातले उपकरण केवळ रस्ता पाहण्यासाठी, तेही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरण्याची मुभा दिली आहे. चित्रपटाला त्यात जागा नाही.

मोजक्या पैशांत हे सगळे करायचे असेल, तर क्रम असा ठेवता येतो. आधी बॅटरीची टर्मिनल, अर्थिंग आणि अल्टरनेटरचे व्होल्ट तपासून दुरुस्त करायचे. मग फ्यूज आणि गरज असेल तर कन्व्हर्टर. त्यानंतर कॅमेरा आणि स्क्रीन. स्कॅनर शेवटी, तोही आरसीवरचे वर्ष आणि स्टेअरिंगखालचे सॉकेट पाहून. ज्या गाडीला ईसीयू नाही, तिच्या मालकाने ते पैसे पाण्याच्या तापमानाचा आणि ऑइलच्या दाबाचा एकेक चांगला मीटर आणि एक व्होल्टमीटर बसवण्यात घालावेत. जुन्या पंपाच्या ट्रकला हवी ती खबर हे तीन काटे चोवीस तास देतात.