मृत्युपत्राचे निकाल वाचताना

मृत्युपत्राच्या वादांवर संशोधन करायचंय? मग 'सही खरी की खोटी' एवढ्यावर थांबू नका. वेंकटचला अय्यंगार खटल्यात (एआयआर १९५९) न्या. गजेंद्रगडकरांनी स्पष्ट केलं, की मृत्युपत्र पुढे करणाऱ्यानेच ते सिद्ध करायचं आणि संशयही त्यानेच दूर करायचा. थरथरती सही, खचलेलं मन, जवळच्या वारसाला विनाकारण वगळणं, ज्याला फायदा त्याचाच पुढाकार... हे सगळं संशयात येतं. नुसत्या रजिस्ट्रेशनने तो फिटत नाही.

माझी चूक सांगते. कोर्टातले निकाल म्हणजेच घरांतले वाद, असं मी धरून चालले होते. पण बहिणीने मुकाट्याने हक्कसोडपत्र करून दिलं, तर निकालपत्रात ती येणारच कुठून? तिला शोधायचं तर दुय्यम निबंधक कार्यालयातली दप्तरं चाळावी लागतात.