महाधमनीच्या दुरुस्तीनंतर सोनोग्राफी कशासाठी?

पोटातली महाधमनी फुगली की अनेकदा जांघेतल्या रोहिणीतून आत स्टेंट-ग्राफ्ट बसवतात. १९९० मध्ये ब्युनॉस आयर्सला हुआन पारोदी यांनी ही वाट खुली केली. पण फुगवटा आतच राहतो. ग्राफ्टच्या कडेने किंवा बाजूच्या लहान रोहिण्यांतून त्यात रक्त शिरत राहिलं (याला एंडोलीक म्हणतात), तर तो वाढून फुटू शकतो, आणि तोवर रुग्णाला बहुधा काहीच जाणवत नाही. म्हणून तपासणी जन्मभर. साधारणपणे महिनाभराने सीटी, सगळं ठीक असेल तर पुढे दरवर्षी डॉपलर सोनोग्राफी. फुगवट्याचा व्यास ५ मिलिमीटर किंवा अधिक वाढला तर पुन्हा सीटी. सोनोग्राफीत क्ष-किरण नाहीत, मूत्रपिंडाला जड जाणारं कॉन्ट्रास्टही नाही. पोटातल्या वायूने चित्र झाकोळतं, म्हणून उपाशीपोटी जावं.

बीड जिल्ह्यात मात्र सोनोग्राफी म्हटलं की गर्भलिंगनिदानच आठवतं. २०११ च्या जनगणनेत इथे सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखालची नोंदणी रक्तवाहिन्या तपासणाऱ्या यंत्रालाही लागते, आणि ती हवीच. महाधमनीची शस्त्रक्रिया मोठ्या शहरात झाली असली, तरी वार्षिक मोजमाप रक्तवाहिन्यांच्या डॉपलरचा सराव असलेल्या जवळच्या रेडिओलॉजिस्टकडे होऊ शकतं. मात्र जुना रिपोर्ट दाखवल्याशिवाय वाढ कळत नाही.