जादा वेतनाची वसुली : हरकत केव्हा व कशी घ्यावी?

बारामती व इंदापूर तालुक्यांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांत व शासकीय रुग्णालयांत आपले अनेक वैद्यबंधू-भगिनी आणि औषधनिर्माण अधिकारी सेवेत आहेत. सेवापुस्तकाची पडताळणी पुष्कळदा निवृत्तीच्या सुमारास होते. पूर्वी दिलेली वेतनवाढ अथवा आश्वासित प्रगती योजनेचा लाभ चुकीचा होता, असे तेव्हा वेतन पडताळणी पथकास आढळते आणि वसुलीचे पत्र हाती पडते. असे पत्र आले म्हणजे रक्कम भरलीच पाहिजे, असे नाही. आणि चूक कार्यालयाची म्हणून ती कधीच भरावी लागत नाही, असेही नाही.

या विषयातील प्रमुख निर्णय ‘पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह’ हा होय. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी पुढील परिस्थितींत वसुली अनुज्ञेय नाही असे ठरविले :

१) कर्मचारी गट-क अथवा गट-ड मधील असल्यास.
२) तो निवृत्त झाला असल्यास, किंवा वसुलीच्या आदेशापासून वर्षाच्या आत निवृत्त होणार असल्यास.
३) वसुलीच्या आदेशापूर्वी पाच वर्षांहून अधिक काळ जादा रक्कम दिली गेली असल्यास.
४) त्याच्याकडून चुकीने वरच्या पदाचे काम करून घेऊन त्या पदाचे वेतन दिले असल्यास.
५) वसुली इतकी अन्यायकारक वा जाचक ठरेल की तिच्यापुढे मालकाचा हक्क गौण ठरावा, असे न्यायालयास वाटल्यास.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. औषधनिर्माण अधिकारी गट-क मध्ये येतात. त्यांना पहिल्याच निकषाचा आधार मिळतो. आयुर्वेद पदवीधर वैद्यकीय अधिकारी गट-ब मध्ये असल्यास त्यांनी दुसऱ्या व तिसऱ्या निकषाकडे पाहावे.

खरी मेख हमीपत्रात असते. ‘जादा रक्कम आढळल्यास परत करीन’ असे वेतननिश्चितीच्या वेळी लिहून दिले असल्यास बाजू दुबळी होते. हरियाणातील न्यायिक अधिकारी जगदेव सिंग यांच्या प्रकरणात २०१६ साली न्यायालयाने याच कारणास्तव निवृत्तीनंतरची वसुली मान्य केली. मात्र ती दोन वर्षांच्या समान मासिक हप्त्यांत घेण्यास सांगितले. उलट, केरळमधील निवृत्त शिक्षक थॉमस डॅनियल यांच्या प्रकरणात २ मे २०२२ रोजी वसुली रद्द झाली, कारण जादा रक्कम त्यांच्या लबाडीमुळे वा खोट्या माहितीमुळे मिळालेली नव्हती.

निदानावाचून चिकित्सा नाही, हा आपला नियम येथेही लागू पडतो. पत्र येताच सेवापुस्तकाची, वेतननिश्चितीच्या आदेशाची व हमीपत्राची प्रत मागावी. रकमेचा महिनावार हिशेब मागावा. कोणत्याही संमतीपत्रावर घाईने सही करू नये. आपले म्हणणे मांडण्याची संधी न देता वेतन कमी करणे नैसर्गिक न्यायाविरुद्ध आहे, असे ‘भगवान शुक्ला’ प्रकरणात १९९४ सालीच ठरले आहे. लेखी उत्तरात त्याचा उल्लेख करून पोच घ्यावी. वसुली थांबली तरी पुढील वेतन अथवा निवृत्तिवेतन योग्य दराने निश्चित करण्याचा कार्यालयाचा अधिकार राहतो, हेही समजून असावे.

दाद कोठे मागावी हे नियुक्ती कोणाची यावर ठरते. शासनाच्या सेवेतील अधिकाऱ्यांनी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाकडे जावे; अंतिम आदेशापासून एक वर्षाची मुदत असते. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना उच्च न्यायालयात जावे लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेल्या कोल्हापूर पीठाकडे शेजारचा सोलापूर जिल्हा गेला असला, तरी पुणे जिल्ह्यातील, म्हणून इंदापूरचीही, प्रकरणे मुंबईसच चालतात.

औषधालयांच्या मालकांसाठी दोन शब्द. वरील निकष शासकीय सेवेतील प्रकरणांत ठरलेले आहेत. खाजगी नोकरांच्या बाबतीत २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली वेतन संहिता, २०१९ पाहावी. चुकीने दिलेले जादा वेतन कापून घेण्यास ती मुभा देते. परंतु एका वेतनकाळातील सर्व कपाती मिळून वेतनाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. नोकरास हिशेब दाखवून, त्याच्या संसारास झेपेल अशा हप्त्यांनी रक्कम घ्यावी, असे आम्ही सुचवितो. आपल्या वैद्यबंधूंसाठी जो न्याय आपण शासनाकडे मागतो, तोच आपल्या दुकानातही पाळला जावा.