बास्केट झाल्यावर टाइम आऊट कुणाला? कबड्डीतून आलेल्या पोरांसाठी बास्केटबॉलचा नियम

उमरठ (ता. पोलादपूर) : महाड-पोलादपूरकडच्या पोरांना टाइम आऊट माहीत असतो तो कबड्डीतला. प्रत्येक हाफमध्ये ३० सेकंदांचे दोन. कोच मागू शकतो, कर्णधार मागू शकतो, पंचांच्या परवानगीनं मैदानातला खेळाडूही मागू शकतो. तीच सवय घेऊन शाळेची टीम बास्केटबॉलला उतरते आणि घोळ होतो. पोरं हातानं ‘टी’ची खूण करत पंचांच्या मागं फिरतात, पंच लक्ष देत नाहीत, आणि बाहेर पालक म्हणतात, पंच त्यांचाच!

पंचांचं बरोबर असतं. जगभरातले सामने ‘फिबा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनी चालतात. त्यात खेळाडूला टाइम आऊट मागताच येत नाही. मुख्य कोच किंवा पहिला सहायक कोच, दोघांपैकीच एकानं टेबलाकडं जाऊन किंवा तिथल्या माणसाच्या नजरेला नजर देऊन खूण करायची. लांबून ओरडून उपयोग नाही. पहिल्या हाफमध्ये दोन मिळतात, दुसऱ्यात तीन, प्रत्येकी एक मिनिटाचे. पहिल्या हाफमधला उरला तर तो गेला, पुढं जमा होत नाही.

आता मुद्द्याचं. बॉल रिंगमधून खाली आला की तो ‘डेड’ होतो. पण बॉल डेड झाला म्हणजे घड्याळ थांबलं असं नाही. सामन्याची शेवटची दोन मिनिटं आणि जादा वेळेतली शेवटची दोन मिनिटं सोडली तर बास्केट झाल्यावरही घड्याळ चालूच असतं. ज्यांच्यावर बास्केट झाली, त्यांचा खेळाडू रेषेबाहेरून बॉल आत देतो. बॉल त्याच्या हाती आला की पाच सेकंदांत तो सोडावा लागतो. बास्केट पडल्यापासून बॉल त्याच्या हाती येईपर्यंत जी फट असते, तेवढ्यातच टाइम आऊट मिळतो, आणि तोही ज्यांनी बास्केट खाल्ली त्यांनाच. ज्यांनी केली त्यांना नाही. त्यांनी पुढच्या शिट्टीची वाट बघायची. फाउल होऊ दे, बॉल बाहेर जाऊ दे, मग मागा.

हा काही अन्याय नाही. पूर्वी प्रत्येक बास्केटनंतर मध्यभागी येऊन बॉल पुन्हा उडवायचे, खेळ तिथंच थांबायचा. खेळ निघाला १८९१ साली, आणि ही पद्धत १९३७ मध्ये बंद झाली. तेव्हापासून बास्केट खाल्लेली टीम लगेच उलटा हल्ला करू शकते. बास्केट करणाऱ्यालाच तेव्हा टाइम आऊट दिला, तर तो समोरच्याची धाव दर वेळी अडवून ठेवील. फ्री थ्रोचं मात्र वेगळं. शेवटचा फ्री थ्रो आत गेला तर दोन्ही टीमना संधी असते.

हुशार कोच बास्केट पडायची वाट बघत नाही. समोरची टीम चढाईला आली की तो आधीच टेबलावर सांगून ठेवतो. बास्केट झाली की टायमर तिथंच घड्याळ थांबवून भोंगा वाजवतो. नाही झाली तर खेळ चालू राहतो, आणि भोंगा वाजायच्या आत मागणी परत घेता येते. उलट, बॉल रेषेबाहेरच्या खेळाडूच्या हाती गेल्यावर पळत टेबलाशी पोचलात, तर एसटी सुटली म्हणायचं.

शेवटच्या दोन मिनिटांत याची खरी किंमत कळते. तेव्हा बास्केटनंतर घड्याळ थांबतं, तरी बास्केट करणाऱ्याला टाइम आऊट नाहीच. बास्केट खाल्लेल्या कोचनं घेतला, तर त्याला विचारतात, बॉल स्वतःच्या अर्ध्यातून आत देणार की समोरच्यांच्या? पुढून घेतला तर हल्ल्याला १४ सेकंद, मागून घेतला तर २४. एका गुणानं मागं असलेल्या टीमला अर्धं मैदान फुकटात मिळतं. या दोन मिनिटांत दोनच टाइम आऊट वापरता येतात, तिन्ही साठवून ठेवणाऱ्याचा एक वाया जातो.

मोजणी चुकल्याचं मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. ५ एप्रिल १९९३, कॉलेज संघांची अंतिम लढत. मिशिगन ७१-७३ असं मागं, ११ सेकंद उरलेले. त्यांच्या ख्रिस वेबरनं टाइम आऊट मागितला. तिथल्या नियमात खेळाडूला मागता येतो, पण त्यांच्याकडं एकही शिल्लक नव्हता. टेक्निकल फाउल लागला, नॉर्थ कॅरोलिनाला फ्री थ्रो आणि बॉल दोन्ही मिळालं, सामना ७७-७१ असा गेला.

आणखी एक सवय पोरांची मोडायला हवी. आपली बास्केट झाली की आनंदात बॉल उचलून बाजूला फेकतात. जाळीतून पडलेल्या बॉलला मुद्दाम हात लावून वेळ काढणं हा गुन्हा आहे. पंच आधी ताकीद देतात, पुन्हा केलं तर टेक्निकल फाउल.

शालेय स्पर्धेत वेळ कमी असला की सामनेही छोटे करतात. तेव्हा टाइम आऊट किती आणि घड्याळ कधी थांबणार, हे क्रीडाशिक्षकांनी सामना सुरू व्हायच्या आधी टेबलावर विचारून घ्यावं.